सावलीत वाढलेलं पान आणि ऑगस्टचं ऊन: काटोल भागातल्या नव्या संत्रा बागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल तालुक्यातलं हे वावर चार एकरांचं आहे. आधी कापूस आणि तूर, मग संत्रा लावायचं ठरलं. शेतकऱ्याची ओळख उघड होऊ नये म्हणून गाव, नाव आणि रोपवाटिका यांचा उल्लेख टाळतो. त्यांना इथे भाऊ म्हणतो, मीही त्यांना तसंच म्हणतो.

भाऊंनी लागवडीची तयारी मनापासून केली होती. उन्हाळ्यात खड्डे खोदून तापू दिले. भरताना शेणखत, निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (मूळकूज रोखणारी उपयोगी बुरशी) घातलं. जमीन भारी काळी, पाणी धरून ठेवणारी, म्हणून गादीवाफे केले आणि उताराच्या बाजूला चर काढला. अंतर ६ बाय ६ मीटर, म्हणजे चार एकरांत साधारण साडेचारशे कलमं. खुंट, म्हणजे कलमाचा खालचा मुळांचा भाग, जंबेरीचा; त्यावर संत्र्याचा डोळा जमिनीपासून नऊ इंच वर बांधलेला. खरेदी करताना तपासायच्या यादीतली प्रत्येक गोष्ट त्यांनी तपासली होती.

कलमं वाढली कुठल्या उजेडात, हा प्रश्न मात्र त्या यादीत नव्हता. आपल्याकडच्या बहुतेक याद्यांमध्ये तो नसतोच.

रोपवाटिकेत ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी होती, आणि त्यामागे कारणही होतं. मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, उघड्यावरची कलमाची पिशवी दुपारपर्यंत हाताला चटका देते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा प्रदेशात जाळी न लावणारा रोपवाटिकावाला सापडणार नाही. अडचण इतकीच, की मृग लागला, आभाळ भरून आलं, तरी जाळी तशीच राहिली. वरून कलमं दाटीने ठेवलेली. जुलैत भाऊ बघायला गेले तेव्हा सगळी कलमं उंच, पानं रुंद, गडद हिरवी, लुसलुशीत. कोणालाही आवडतील अशीच. भाऊंना आवडली आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, झडीचा पाऊस चालू असताना, लागवड झाली.

अडचण

हे वर्ष २०२३. जुलैत देशभर पाऊस चांगला झाला होता. मग ऑगस्ट उजाडला आणि पावसाने ओढ दिली. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तोच ठरला. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर आभाळ उघडलं आणि ऊन आलं.

भाऊंचा फोन आला तो याच दिवसांत. "साहेब, कलमा पिवळ्या पडून रायल्या जी. पाणी बी आहे, खत बी टाकलं. काहून होऊन रायलं असं?"

तोपर्यंत त्यांना तीन सल्ले मिळून गेले होते. शेजाऱ्याने सांगितलं, झिंक-लोह कमी पडलं. कृषी सेवा केंद्रातून मूळकुजीचं औषध आळ्यात, म्हणजे कलमाभोवतीच्या खोलगट वाफ्यात, ओतायला सांगितलं गेलं, सोबत दोन फवारण्यांची चिठ्ठी. रोपवाटिकावाल्याचं म्हणणं होतं, पाणी जास्त झालं असेल, माझी कलमं निरोगीच होती. भाऊ पैसे भरून औषध आणायला निघणार होते. वावर बघून होईपर्यंत थांबा, असं त्यांना फोनवरच सांगितलं. माझ्या मते या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा निर्णय हा थांबण्याचा होता. कारण पुढच्या आठवड्यात उपचार सुरू झाले असते तर खरं कारण त्या फवाऱ्यांखाली दडून गेलं असतं.

वावरात काय दिसलं

पानं पिवळी होती हे खरं, पण सगळीकडून नाही. शेंड्याकडची आणि पश्चिमेकडची, आभाळाकडे तोंड केलेली पानं पिवळट-पांढरी, काही ठिकाणी भाजल्यासारखी तपकिरी. त्याच कलमाची आतली आणि खालची पानं गडद हिरवी. एका कलमाजवळ बसून मी वरचं पान बोटाने बाजूला केलं. खालच्या पानाचा उघडा भाग फिकट पडला होता, आणि वरच्या पानाने जिथे झाकलं होतं तिथे त्याच्या कडेची रेष स्पष्ट दिसेल असा हिरवा ठसा राहिला होता. भाऊंना तो दाखवला. त्यांनी आणखी चार-पाच कलमांवर तसेच ठसे स्वतः शोधून काढले.

या ठशाने बरंच काही सांगितलं. अन्नद्रव्याची कमतरता पानावरचं पान बघून थांबत नाही. झिंक किंवा लोह कमी असेल तर ते नव्या, कोवळ्या पानांवर दिसतं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. इथे जुनी, रोपवाटिकेतून आलेली पानं बिघडली होती आणि फुटू लागलेले डोळे टवटवीत होते. नत्राची कमतरता असती तर खालची पानं आधी पिवळी पडली असती. मूळकूज असती तर अख्खं कलम मलूल झालं असतं. तरी खात्रीसाठी दोन कलमांच्या बाजूची माती हलकेच उकरली. तंतुमुळं पांढरी, घट्ट. साल सुटून हाती येत नव्हती.

धुऱ्याकडची, म्हणजे बांधाकडची ओळ बघितल्यावर उरलीसुरली शंका गेली. तिथे जुने कडुनिंब आहेत. त्यांच्या सावलीत येणारी कलमं त्याच रोपवाटिकेतली, त्याच दिवशी लावलेली, त्याच मातीत. आणि ती जवळजवळ तशीच हिरवी होती.

पानाच्या आत काय चाललं होतं

पान कोवळं असताना, उलगडत असताना, त्याला जो उजेड मिळतो त्यावर त्याची घडण ठरते. कमी उजेडात वाढणारं पान रुंद आणि पातळ होतं. जास्तीत जास्त प्रकाश पकडता यावा म्हणून ते हरितद्रव्याचं जाळं मोठं करतं, म्हणून ते गडद दिसतं. पण पकडलेल्या ऊर्जेचं साखरेत रूपांतर करणारी विकरं, त्यातलं मुख्य म्हणजे रुबिस्को, ते कमी बनवतं, कारण सावलीत त्यांचा उपयोग नसतो. थोडक्यात, ग्राहकाला जे पान आकर्षक वाटतं तेच पान उन्हासाठी सर्वांत कमी तयार असतं. रोपवाटिकेच्या धंद्यातली ही खरी गोची आहे आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

आकडे बघू. स्वच्छ दुपारी सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. वनस्पतीच्या मोजमापात तो दर चौरस मीटरला दर सेकंदाला साधारण १,८०० ते २,००० मायक्रोमोल. दाट आभाळ असताना तो १५-२० हजार लक्सपर्यंत येतो. त्यावर ७५ टक्क्यांची जाळी घातली की पानापर्यंत ४-५ हजार लक्स, म्हणजे शंभराच्या आतबाहेर मायक्रोमोल. ही पानं याच उजेडात घडली होती. मग काही दिवसांत ती थेट पूर्ण उन्हाखाली आली.

लिंबूवर्गीय झाडाचं पान तसंही संथ असतं. उघड्यावर वाढलेल्या पानाचं प्रकाशसंश्लेषणसुद्धा पूर्ण उन्हाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर शिगेला पोचतं. त्यापुढचा उजेड कामी येत नाही, तो कुठेतरी खर्ची घालावा लागतो. त्यासाठी पानात सोय असते. जास्त उजेड पडला की व्हायोलाझँथिन नावाचं पिवळं रंगद्रव्य काही मिनिटांत झियाझँथिनमध्ये बदलतं आणि जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. सावलीतल्या पानात या रंगद्रव्यांचा साठा लहान असतो. तो पुरला नाही की प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेतलं डी-१ नावाचं प्रथिन मोडू लागतं. हे प्रथिन उन्हात सगळ्याच पानांत मोडतं आणि रोज नव्याने बांधलं जातं. मोडण्याचा वेग बांधण्याच्या वेगाहून जास्त झाला की पान आधी कामातून जातं, मग फिकट पडतं आणि शेवटी भाजतं.

लागवडीचा धक्का त्यात भर घालतो. पिशवी फाडताना तुटलेली मुळं अजून सावरलेली नसतात. दुपारी पाण्याची ओढ वाढली की पान आपली छिद्रं मिटतं, कर्बवायू आत येणं थांबतं आणि उजेडाचा जो थोडा उपयोग होत होता तोही बंद होतो. छिद्रं मिटल्यामुळे बाष्पाने मिळणारा गारवाही जातो. त्या दुपारी उघड्यावरची पानं हाताला हवेपेक्षा स्पष्टपणे गरम लागत होती.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्या आठवड्यात ऊन सलग नव्हतं. तुकड्या-तुकड्यांचे ढग येत-जात होते. ढग सरला की उजेड काही सेकंदांत पाचपट होतो, आणि ढगाच्या पांढऱ्या कडेवरून परावर्तन झालं तर थोडा वेळ तो निरभ्र आकाशापेक्षाही जास्त असतो. सावलीत बसलेल्या पानाला मात्र कामाला लागायला वेळ लागतो: रुबिस्को जागं व्हायचं, छिद्रं उघडायची, यात दहा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास जातो. तोवर पुन्हा ढग येतो. उलट बाजूला, ढग आल्यावर संरक्षक यंत्रणा लगेच बंद होत नाही. कमी उजेड असतानाही पान काही मिनिटं ऊर्जा फेकतच राहतं. म्हणजे ऊन आलं की नुकसान, आणि सावली आली की उपासमार.

हा उशीर किती महाग पडतो याचा अंदाज २०१६ मधल्या एका प्रयोगावरून येतो. इलिनॉय विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या झाडात ही संरक्षक यंत्रणा लवकर मावळेल असा जनुकीय बदल केला, आणि शेतात त्या झाडांची वाढ सुमारे १५ टक्क्यांनी वाढली. संत्र्यात असं काही हाती येईल ते येईल, पण बदलत्या उजेडाची किंमत झाड खरोखर मोजतं हे त्यातून पक्कं झालं.

पर्याय

भाऊंसोबत धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली बसून एकेक पर्याय तपासला.

कलमं उपटून रोपवाटिकेकडे परत करायची, ही भाऊंच्या मुलाची सूचना. त्याचा राग रास्त होता. पण खोड आणि मुळं जिवंत असताना कलम उपटणं म्हणजे हंगाम घालवणं, आणि बदली कलमं त्याच जाळीखालून येणार होती.

झिंक-लोहाची फवारणी आणि आळ्यात औषध, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत खर्चिक मार्ग. निदान त्याच्या बाजूने नव्हतं. भाजलेल्या पानावर भर उन्हात क्षारांची फवारणी केली तर इजा वाढण्याचीच भीती. हा पर्याय बाजूला ठेवला, पण उताराच्या टोकाच्या, पाणी साचणाऱ्या कलमांच्या मुळांवर लक्ष ठेवायचं ठरलं.

काहीच न करता नवतीची, म्हणजे नव्या पालवीची वाट बघायची, हा पर्याय वाटतो तितका आळशी नाही. नवी पानं उघड्यावर फुटतात ती उन्हासाठी घडूनच येतात. जुनं पान थोडंफार जुळवून घेऊ शकतं, पण त्याची जाडी आता बदलत नाही. खरा बदल नवतीनेच होतो. फक्त नवती फुटायला साखर आणि नत्र लागतं, आणि संत्र्यासारख्या सदाहरित झाडात त्याचा मोठा साठा पानांतच असतो. जुनी पानं सगळी गळाली तर नवती कशाच्या बळावर फुटणार?

केओलिनच्या (एक पांढरी, मऊ माती) फवारणीचाही विचार झाला. पानावर पांढरा थर बसतो, ऊन परतवलं जातं. उन्हाळ्यासाठी उत्तम, पण ऑगस्टमध्ये एक सर आली की धुऊन जाणार.

उरली सावली. प्रश्न होता कशाची आणि किती. हिरवी जाळी प्रत्येक कलमावर ताणायची तर बांबू, मजुरी आणि वारा, तिन्हींचा विचार करावा लागतो. शिवाय दाट जाळीखाली नवतीही पुन्हा सावलीचीच घडली असती आणि हाच प्रसंग ऑक्टोबरच्या उन्हात परत आला असता. भाऊंच्या गोठ्यामागे गेल्या वर्षीच्या तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा ढीग पडला होता. वहिनी म्हणाल्या, "जाळ्याले पैसे कायले घालता? हे तुराट्या पडूनच तं आहे."

निर्णय आणि कृती

तुराट्या विरळ बांधायच्या ठरल्या. फटींतून उन्हाचे कवडसे पानांवर पडतात आणि सरकत राहतात. प्रत्येक पानाला थोडा थोडा वेळ पूर्ण ऊन मिळतं आणि मग उसंत. अशा कवडशांनीही पानातली संरक्षक रंगद्रव्यं वाढत जातात हे प्रयोगांत दिसलेलं आहे. दाट, एकसारख्या सावलीपेक्षा मला हे जास्त पसंत होतं.

कोणत्या बाजूने बांधायच्या यावर बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. आपल्याकडे सवयीने पश्चिमेला उभा आडोसा करतात. पण नागपूर २१ अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या अखेरीस इथे सूर्य थेट डोक्यावर येतो, जुलैच्या मध्यानंतर पुन्हा एकदा येतो, आणि ऑगस्टमध्ये दुपारी बाराला अजून जवळजवळ तिथेच असतो. उभ्या आडोशाची सावली तेव्हा कलमावर पडतच नाही. म्हणून तुराट्या पश्चिमेकडून रोवून शेंड्याच्या वरपर्यंत झुकवल्या. पूर्व उघडी ठेवली. सकाळचं ऊन कोवळं, हवा गार आणि पानाची छिद्रं उघडी. कलमाची खरी कमाई त्याच वेळेत होते.

दोन ओळी मुद्दाम उघड्या ठेवायला मी सुचवलं. भाऊ लगेच तयार झाले नाहीत, आणि ते समजण्यासारखं आहे, त्यांच्यासाठी ती कलमं म्हणजे पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचं उत्पन्न. शेवटी त्यांनीच त्या ओळी निवडल्या, मधल्या, ना उंचावरच्या ना खोलगट.

पाणी पहाटे आणि थोडं थोडं द्यायचं ठरलं. आळ्यात सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरलं, खोडाला लागू न देता. खोडांना बोर्डो मलम लावला: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. तो बुरशीसाठी लावतात, पण पानं विरळ झालेल्या कलमाच्या सालीला उन्हापासून वाचवायलाही पांढरा-निळसर थर कामी येतो. भाजलेली पानं तोडायची नाहीत यावर मी ठाम होतो. अर्धं हिरवं पानही काम करतं आणि खालच्या पानांना सावली देतं.

परिणाम

सप्टेंबरात पाऊस परतला. २३ तारखेच्या पहाटे तर नागपूर शहरात अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं. तोवर आडोशाखालच्या कलमांवर नवती आली होती. तिची पानं जुन्या पानांपेक्षा लहान, जाड आणि फिक्या हिरव्या रंगाची होती. भाऊंना रंगाची काळजी वाटली. मी त्यांना जुनं आणि नवं पान बोटांत धरून चिमटीने दाबून बघायला सांगितलं. फरक हाताला कळतो.

नवती पक्की व्हायला महिना-दीड महिना लागतो. त्यानुसार तुराट्या टप्प्याटप्प्याने विरळ केल्या, एकदम काढल्या नाहीत. ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेकडे सरकला तसा आडोसाही नैर्ऋत्येकडे फिरवला. पुढे हिवाळ्यात तो पूर्ण निघाला.

उघड्या ठेवलेल्या दोन ओळींतली जुनी पानं बरीच गळाली. कलमं मेली नाहीत; तिथेही नवती आली, पण उशिरा आणि कमी फांद्यांवर. पुढच्या पावसाळ्यात पानांकडे बघून फरक सांगता आला नसता. खोडाची जाडी आणि झाडाचा घेर बघितला तर त्या दोन ओळी मागे होत्या. संपूर्ण वावरात जी मोजकी कलमं गेली ती उताराच्या टोकाची, पाणी साचून, आणि त्यांच्या मुळांना खरोखरच कूज होती. म्हणजे मूळकुजीचा सल्ला त्या कोपऱ्यापुरता लागू होता.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी रोपवाटिकेत होती. आभाळ भरून येताच ७५ टक्क्यांची जाळी काढून ५० टक्क्यांची लावणं, मग विक्रीच्या तीन-चार आठवडे आधी कलमं मोकळी, अंतरावर ठेवून ढगाळ दिवसांत उघड्यावर काढणं, हे जमण्यासारखं आहे. त्याने कलमं थोडी बुटकी आणि फिकी दिसतील. ग्राहकाने ती नाकारली तर रोपवाटिकावाला पुढच्या वर्षी जाळी काढणार नाही; म्हणून हा बदल खरेदीदाराच्या डोळ्यापासून सुरू व्हायला हवा असं मला वाटतं. कलम निवडताना उंची आणि गडदपणापेक्षा खोडाची जाडी बघा, पान चिमटीत धरून बघा, आणि जाळी किती टक्क्यांची होती आणि कधी काढली, हे सरळ विचारा.

भाऊंच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे कलमं आणल्यावर लगेच न लावणं. धुऱ्यावरच्या त्याच कडुनिंबाखाली ती दोन-तीन आठवडे राहिली असती, दर काही दिवसांनी थोडी उजेडाकडे सरकवली असती, तर उन्हाचा पहिला मारा विरळ सावलीत झेलला गेला असता. झडीत लागवड करायला मजूर मिळतात, माती मऊ असते, हे खरं. पण झडीनंतर उघाड येतेच, आणि हवामान खात्याचा जिल्हावार कृषी सल्ला त्याचा अंदाज काही दिवस आधी देतो. आडोशाचं साहित्य लागवडीच्या दिवशीच वावरात असायला हवं होतं.

रोपवाटिकावाल्याशी बोलणं शेवटी झालं, आणि ते भांडण न होता झालं, याचं श्रेय भाऊंचं. त्यांनी ठसा असलेली पानं वहीत दाबून ठेवली होती, तीच घेऊन गेले. नुकसानभरपाई मिळाली नाही. पुढच्या हंगामासाठी मात्र जाळीचा एक भाग जूनमध्ये गुंडाळून ठेवायचं त्याने कबूल केलं, आणि भाऊंच्या भावाने त्याच भागातली कलमं आधीच सांगून ठेवली आहेत.